आकाशप्रश्न : गुरूच्या ढगांखाली नेमकं काय?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं गुरू आणि शनीबद्दल आहेत. त्यातले एकमेकांशी जोडलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : गुरू वायूचा असेल तर त्याला जमीन नाही. मग ढग "इतक्या किलोमीटर उंचीवर" आहेत असं लिहितात ते कशापासून मोजून? मुलं विचारतात आणि उत्तर देता येत नाही. (शिक्षिका, कोथरूड)

मुलांचा प्रश्न अगदी नेमका आहे. जमीन नसल्यामुळे उंचीऐवजी दाब वापरतात. जिथे दाब १ बार आहे, म्हणजे साधारण आपल्या समुद्रसपाटीइतका, ती पातळी शून्य धरायची. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किमी असं पुस्तकात असतं, तीही याच पातळीपर्यंत मोजलेली. या पातळीवर तापमान सुमारे उणे १०८ अंश सेल्सिअस असतं. तिथून खाली उतरताना दर किलोमीटरला ते साधारण २ अंशांनी वाढत जातं.

एवढं कळलं की ढगांचे थर मुलांना स्वतःच काढता येतात. कुठलीही वाफ ठरावीक तापमानाला आणि दाबालाच गोठते, आणि जिथे गोठते तिथे तिच्या ढगाचा तळ असतो. गुरूवर सर्वांत वर अमोनियाच्या बर्फाचा थर येतो. त्याचा तळ ०.७ बारच्या आसपास, तापमान सुमारे उणे १२५. त्याखाली २ बारच्या सुमारास अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्या संयोगातून बनलेला अमोनियम हायड्रोसल्फाइडचा थर. आणि त्याखाली ५-६ बारला, शून्य अंशाच्या आसपास, चक्क पाण्याचे ढग. आता फळ्यावर गणित मांडा : उणे १२५ पासून शून्यापर्यंत १२५ अंशांचा फरक, दर किलोमीटरला २ अंश, म्हणजे सगळे थर मिळून जाडी साधारण ६०-६५ किमी. ज्या ग्रहाचा व्यास जवळपास १ लाख ४३ हजार किमी आहे, त्याचं सगळं दिसणारं रंगकाम एवढ्याशा सालीत आहे.

हेच गणित शनीसाठी करायला सांगा. शनीवर १ बारच्या पातळीला गुरुत्वाकर्षण गुरूच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे तापमान किलोमीटरला जेमतेम पाऊण अंश वाढतं. तेच तीन थर तिथे दीडशे किमीहून जास्त जाडीत पसरतात आणि १ बारच्या पातळीपेक्षा खोल बसतात. वर धुरकट थर जाड. म्हणून शनीवर ढगांचे पट्टे असूनही दुर्बिणीतून तो फिकट पिवळा आणि सपाट दिसतो. वादळ मोठं असेल आणि ढग धुरक्याच्या वर आले, तरच ठळक काही दिसतं. डिसेंबर २०१० मध्ये शनीच्या उत्तर गोलार्धात असंच वादळ उठलं आणि काही महिन्यांत त्याने ग्रहाला पूर्ण वेढा घातला.

पाण्याच्या ढगांखाली काय, हे मुलं विचारतीलच. खाली हायड्रोजन आणि हेलियम अधिकाधिक दाट होत जातात. वायू कुठे संपला आणि द्रव कुठे सुरू झाला हे दाखवणारी रेषा नाही. १० ते २० लाख बार दाबाच्या पुढे हायड्रोजन धातूसारखा वीजवाहक होतो, आणि गुरूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र तिथेच तयार होतं.

प्रश्न : गॅलिलिओ यानाने गुरूच्या ढगांत एक उपकरण सोडलं होतं. त्याला पाणी फारच कमी सापडलं असं वाचलं. मग पाण्याचे ढग आहेत हे कशावरून? (वाचक, चिंचवड)

ते उपकरण ७ डिसेंबर १९९५ ला सेकंदाला सुमारे ४७ किमी वेगाने वातावरणात शिरलं, उष्णतारोधक कवच बरंचसं जळाल्यावर पॅराशूटने उतरत गेलं आणि तासाभरापेक्षा थोडा कमी वेळ माहिती पाठवत राहिलं. शेवटी दाब २२ बारच्या आसपास होता आणि तापमान १५० अंशांच्या वर गेलं होतं. पाण्याचे ढग जिथे अपेक्षित होते त्या पातळीच्या ते बरंच खाली गेलं, तरी दाट ढग असे लागलेच नाहीत.

कारण जागा. ते जिथे पडलं तो अवरक्त किरणांत चमकणारा 'उष्ण ठिपका' होता. तिथे ढग विरळ असतात म्हणून आतली उष्णता बाहेर दिसते. पुणेकरांना हे समजायला फार लांब जावं लागत नाही. ताम्हिणीत धो धो पाऊस आणि पूर्वेला शिरूर-दौंडकडे कोरडं, कारण घाट ओलांडून खाली उतरणारी हवा दाबाने तापते आणि तिच्यातली आर्द्रता आधीच गळून गेलेली असते. गुरूवर डोंगर नाहीत, पण हवेच्या मोठ्या लाटेत काही पट्ट्यांत वरची कोरडी हवा खोल ओढली जाते. उपकरण नेमकं तशा पट्ट्यात उतरलं. एका शिरूरवरून अख्ख्या महाराष्ट्राचा पाऊस ठरवता येत नाही, तसंच हे.

पुढे २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत पोचलेल्या जुनो यानाने मायक्रोवेव्हच्या सहा वेगवेगळ्या तरंगलांबींवर, साधारण १.४ ते ५० सेंटिमीटर, खोलवरचं उत्सर्जन मोजलं. तरंगलांबी जितकी मोठी, तितकी खोलवरची उष्णता दिसते. त्या मोजमापांवरून २०२० मध्ये विषुववृत्ताजवळच्या पाण्याचं प्रमाण निघालं : रेणूंच्या संख्येत सुमारे पाव टक्का. गॅलिलिओच्या आकड्यापेक्षा ते कितीतरी जास्त आहे.

प्रश्न : अमोनियाचा बर्फ पांढरा असतो. मग गुरूवर तपकिरी आणि लालसर रंग कुठून येतात? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, औंध)

शुद्ध अमोनिया, शुद्ध पाणी, शुद्ध अमोनियम हायड्रोसल्फाइड, तिन्हींचे स्फटिक पांढरे. रंग येतो तो अगदी अल्प प्रमाणातल्या इतर संयुगांमुळे. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरच्या थरातला अमोनिया आणि मिथेन फुटतात, तुकडे पुन्हा जुळतात. प्रयोगशाळेत अमोनिया आणि ॲसिटिलीनच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकला की लालसर पदार्थ तयार होतो, आणि त्याचा वर्णपट मोठ्या लाल डागाच्या वर्णपटाशी चांगला जुळतो. अमोनियम हायड्रोसल्फाइडवर किरणांचा मारा केला तरी रंगीत संयुगं बनतात. यातलं कुठलं रसायन कुठल्या पट्ट्यात प्रमुख, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत बदलायला हवी. "गुरूवर दिसणारे ढग म्हणजे अमोनियाचा बर्फ" हे वाक्य सरसकट खरं नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हौशी निरीक्षकाने साध्या दुर्बिणीला विशिष्ट फिल्टर लावून अमोनियाचा नकाशा काढला. त्यातून दिसलं की प्रकाश परत फेकणारा मुख्य ढग अमोनिया गोठण्याच्या पातळीपेक्षा खाली, जास्त उबदार भागात आहे. म्हणजे तो बहुधा अमोनियम हायड्रोसल्फाइड आणि धुरक्यातले पदार्थ यांच्या मिश्रणाचा आहे. शुद्ध अमोनियाचे ढग जोरदार उसळी असलेल्या ठिकाणीच ताजे दिसतात. पहिल्या उत्तरातले तीन थर हे रसायनशास्त्राच्या हिशेबाने कुठे असायला हवेत त्याचे आहेत. प्रत्यक्षात वारे ते ढवळत असतात.

प्रश्न : ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घेतली. गच्चीवरून गुरूवर फक्त दोन पट्टे दिसतात, तेही पाण्याखाली असल्यासारखे हलताना. दुर्बिणीत दोष आहे का? (वाचक, सिंहगड रोड)

दोष दुर्बिणीत नसून बहुतेक गच्चीत आहे. ८ इंची आरशातून शांत हवेत गुरूवर सहा-सात पट्टे, त्यांच्या कडेचे खाचखळगे, विषुववृत्ताच्या पांढऱ्या पट्ट्यात लटकणारे निळसर धागे आणि लाल डाग, सगळं दिसायला हवं. ते निळसर धागे जरूर शोधा, कारण त्यांच्या मुळाशी असलेले गडद भाग म्हणजे वर सांगितलेले उष्ण ठिपके. गॅलिलिओचं उपकरण जिथे उतरलं त्या प्रकारची जागा तुम्हाला घरून बघता येते.

आधी जागा. काँक्रीटची गच्ची दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. गुरूच्या दिशेला शेजारच्या इमारतीची गच्ची, एसीचं बाहेरचं युनिट किंवा स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट असेल तर प्रतिमा उकळते. सोसायटीच्या बागेत किंवा मातीच्या मैदानात दुर्बीण न्या. रस्त्याचा दिवा डोळ्यांत जाणार नाही इतकं पाहिलं की पुरे. गुरू इतका तेजस्वी आहे की शहरातला उजेड त्याला बाधत नाही, त्यामुळे यासाठी भोरपर्यंत गाडी काढायची गरज नाही. उलट डोळे अंधाराला सरावलेले नसतील तर रंगांतला फरक जास्त चांगला कळतो. निरीक्षणाआधी वहीवर मंद पांढरा उजेड ठेवून पाच मिनिटं बसा.

मग आरसा. घरातून बाहेर काढलेला ८ इंची आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला ४५ मिनिटं ते तास लागतो. तोवर नळीत उबदार हवेचे लोट फिरत राहतात. आरशामागे संगणकाचा १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला तर वेळ निम्मा होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं. फाइंडर आणि आयपीस आधी धुकटतात, तेव्हा कपड्याने पुसू नका, कोटिंगला चरे पडतात. हेअर ड्रायरची कोमट हवा दुरूनच द्या.

तिसरं, कोलिमेशन, म्हणजे दुर्बिणीचे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं. एखादा तेजस्वी, वर आलेला तारा २०० पटीत फोकसच्या किंचित बाहेर न्या. वर्तुळं एककेंद्री दिसली पाहिजेत. दुय्यम आरशाची सावली एका बाजूला सरकलेली असेल तर मुख्य आरशाचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून ती मध्ये आणा, प्रत्येक वेळी तारा पुन्हा दृश्याच्या मध्यभागी आणून. डॉब्सोनियन रिक्षातून किंवा गाडीच्या डिकीतून नेली की हे दर वेळी करावं लागतं. चुकीच्या कोलिमेशनने तारे बरे दिसतात, ग्रहांवरचे सौम्य रंगभेद मात्र पहिले जातात.

आता पटी. तुमच्या दुर्बिणीची नाभीय लांबी १२०० मिमी असेल तर ८ मिमी आयपीसने १५० पट, ६ मिमीने २०० पट. सुरुवात १५० ने करा. ३०० पटीला गुरू मोठा पण मऊ होतो. विकत घेतलेला सर्वांत छोटा आयपीस आधी लावणं ही नवख्यांची हमखास चूक. तपकिरी पट्टे आणि लाल डाग उठून दिसण्यासाठी फिकट निळा, ८०ए क्रमांकाचा फिल्टर उपयोगी पडतो. आणि आयपीसला डोळा लावून किमान पंधरा मिनिटं बसा. हवा दर काही सेकंदांनी क्षणभर शांत होते, बारकावे त्या क्षणांत दिसतात. उभ्याने वाकून बघितलं की मान दुखते आणि माणूस दोन मिनिटांत उठतो, म्हणून स्टूल घ्या.

चित्र काढणार असाल तर गोल काढू नका. गुरू ध्रुवांशी चपटा आहे : रुंदी ६० मिमी घेतली तर उंची ५६ मिमी. आधी मुख्य पट्टे, मग पूर्व-पश्चिम कडेचे तपशील, कारण मावळत्या कडेचे आधी निघून जातात. सगळं पंधरा-वीस मिनिटांत संपवा, ग्रह तासाला ३६ अंश फिरतो.

व्हिडिओ घेणाऱ्यांसाठी हाच वेग मर्यादा ठरवतो. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना, त्याचा व्यास ४५ कोनीय सेकंद (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) धरा. तेव्हा तबकडीच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला सुमारे ०.२४ कोनीय सेकंद सरकतो. ८ इंची दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे तिला वेगळा दाखवता येणारा सर्वांत बारीक तपशील, ०.५८ कोनीय सेकंद. भागाकार केला की अडीच मिनिटं येतात. त्याहून लांब व्हिडिओ स्टॅक केला, म्हणजे त्याच्या फ्रेम एकावर एक रचून एकच चित्र केलं, तर डाग आडवे फासले जातात. जास्त फ्रेम हव्या असतील तर दोन-दोन मिनिटांचे अनेक व्हिडिओ घेऊन विनजुपोससारख्या सॉफ्टवेअरने परिवलन उलटं फिरवून जोडा.

पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ च्या दुसऱ्या आठवड्यात, गुरू सिंह तारकासमूहात असताना आहे. पुण्याहून तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येईल. ग्रह डोक्यावर असणं म्हणजे सर्वांत कमी हवेतून बघणं. युरोपातल्या निरीक्षकांना हे भाग्य क्वचितच मिळतं.

प्रश्न : लाल डाग नेमका कधी दिसेल हे कसं ठरवायचं? आणि तो खरंच नाहीसा होतोय का? (वाचक, बिबवेवाडी)

डाग साधारण ९ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तबकडीच्या मध्यावर येतो. दोन दिवसांत अशा पाच फेऱ्या होतात आणि त्याला ४९ तास ३८ मिनिटं लागतात. म्हणून आज रात्री ९ ला तो मध्यावर दिसला तर परवा रात्री १०:३८ ला, त्यानंतर दोन दिवसांनी मध्यरात्रीनंतर १२:१६ ला. मधल्या रात्री बघायचा असेल तर २:४७ ला उठावं लागेल. या वेळेच्या आधी आणि नंतर ५०-५० मिनिटं तो चांगला दिसतो. दर काही आठवड्यांनी स्वतः वेळ टिपून हिशेब दुरुस्त करत राहा, कारण डाग ढगांच्या पट्ट्यात थोडाथोडा सरकत असतो.

तो आक्रसतोय हे खरं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची लांबी सुमारे ४१,००० किमी मोजली गेली होती. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानांना ती २३,३०० किमी दिसली, २०१४ मध्ये हबल दुर्बिणीला १६,५०० किमी. तरीही त्यात अजून अख्खी पृथ्वी मावते. लांबी घटली तसा तो अंडाकृतीकडून गोलाकाराकडे झुकला आहे. हा जास्त दाबाचा भोवरा आहे, कमी दाबाचं चक्रीवादळ नव्हे. दक्षिण गोलार्धात असून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला विरुद्ध दिशांनी वाहणारे वारे त्याला फिरतं ठेवतात, आणि आपल्याकडच्या वादळासारखं किनाऱ्याला धडकून विरायला तिथे किनाराच नाही. जुनोच्या मोजमापांनुसार त्याची मुळं ढगांच्या खाली ३०० ते ५०० किमीपर्यंत आहेत. सतराव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने पाहिलेला डाग हाच, असं पूर्वी छापलं जायचं. २०२४ च्या विश्लेषणानुसार तो वेगळा होता, आणि आजच्या डागाची खात्रीची नोंद १८३१ पासूनची आहे.

प्रश्न : गुरूवर विजा चमकतात, मग पाऊस पडतो का? (इयत्ता नववी, हडपसर)

विजा १९७९ मध्येच व्हॉयेजर १ ला रात्रीच्या बाजूला दिसल्या. विजेसाठी द्रव थेंब आणि बर्फाचे कण एकमेकांवर घासावे लागतात, म्हणून त्या पाण्याच्या ढगांतून येतात असं मानलं जाई. जुनोला मात्र पाण्याच्या ढगांच्याही २५ किमीहून जास्त वर, उणे ८८ अंशांपेक्षा थंड जागी छोट्या विजा सापडल्या. तिथे पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही. उलगडा अमोनियात आहे. जोरदार उसळीने पाण्याच्या बर्फाचे कण वर फेकले जातात, तिथला अमोनिया वायू त्यांना वितळवतो, आणि अमोनिया मिसळलेलं पाणी खूप कमी तापमानालाही द्रव राहतं. मग या थेंबांवर बर्फ चढत जातं आणि मऊ गाभ्याच्या गारा खोलवर पडतात. खाली उष्णतेने त्या वाफ होऊन संपतात. अमोनिया वरच्या थरात अपेक्षेपेक्षा कमी का, याचंही उत्तर यात मिळतं : गारा त्याला खाली घेऊन जातात. म्हणजे पाऊस आहे, तो पडायला जमीन नाही इतकंच.

प्रश्न : नेपच्यूनला ऊन सर्वांत कमी, तरी वारे सर्वांत वेगवान कसे? (वाचक, पाषाण)

नेपच्यूनला पृथ्वीच्या ९०० पट कमी ऊन मिळतं आणि वारे ताशी २,००० किमीपर्यंत जातात. तिथे वाऱ्याला अडवणारी जमीन, डोंगर, झाडं काही नाही, आणि वातावरणातला खळखळाट कमी असल्यामुळे वाऱ्याची ऊर्जा लहान भोवऱ्यांत वाया जात नाही. शिवाय नेपच्यून उन्हातून मिळते त्याच्या अडीच पटींहून जास्त उष्णता बाहेर टाकतो. उरलेली उष्णता त्याच्या आतून येते. ऊन कमी म्हणजे वारा कमी, हे समीकरण इथे लागू पडत नाही.

प्रश्न : रेडिओवर गुरूचा आवाज ऐकता येतो म्हणतात. तो तिथल्या विजांचा कडकडाट असतो का? नारायणगावची दुर्बीण तो ऐकते का? (वाचक, मंचर)

विजांचा नाही. हे स्फोट गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे असतात, आणि आयो हा उपग्रह ठरावीक जागी असला की ते जोरात येतात. १९५५ मध्ये ते २२.२ मेगाहर्ट्झवर प्रथम ओळखले गेले. ४० मेगाहर्ट्झच्या वर ते थांबतात. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, त्याहून बऱ्याच वरच्या वारंवारतेवर चालते, त्यामुळे हे स्फोट तिच्या कक्षेबाहेर आहेत. गुरूच्या किरणोत्सारी पट्ट्यांचं वेगळं, सततचं उत्सर्जन मात्र तिने टिपलं आहे.

घरी प्रयत्न करायचा तर २०.१ मेगाहर्ट्झसाठी साधा डायपोल अँटेना पुरतो : तांब्याच्या तारेचे दोन हात, प्रत्येकी सुमारे ३.५५ मीटर, जमिनीपासून तीन-साडेतीन मीटर उंच. रिसिव्हरचं ऑटोमॅटिक गेन कंट्रोल बंद ठेवा, नाहीतर आवाजाचा चढउतार तोच सपाट करून टाकतो. मध्यरात्रीनंतर ऐका, तेव्हा आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) विरळ असतं. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर आणि सौर पॅनेलचे कन्व्हर्टर याच पट्ट्यात कचरा टाकतात, म्हणून घराचा मेन स्विच बंद करून बॅटरीवर चालवा. तरीही खरखर तशीच राहिली तर ती शेजारून येते आहे. मग अँटेना उचलून शेतात न्या.